ब्रदर एव्हरमारचं नाक

साडेतीनची घंटा मला झोपेतच ऐकू येते.
ती त्यांच्यासाठी. माझ्यासाठी पाचची सायकल,
कालव्यावरचं धुकं, पॉपलरची रांग,
आणि भट्टीघराच्या खिडकीत आधीच लागलेला दिवा.

मठात एकेकाळी चाळीस जण होते, आता नऊ.
नऊ जणांत सातूचं पोतं उचलणारं कुणी नाही
म्हणून माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला पगार.

ब्रदर एव्हरमार, वय एक्क्याऐंशी,
पांढऱ्या झग्यावर रबरी एप्रन,
बोलतात ते बहुतेक बोटांनीच.
मनगटावर दोन बोटं : आच वाढव.
मूठ उघडून मिटली : हॉप्स.
कानाच्या पाळीला अंगठा : थांब, ऐक.

हंडा नवा आहे, म्हणजे शंभर वर्षांचा.
आधीचा शिपायांनी उपटून नेला युद्धात, वितळवला,
आणि कोण जाणे, तोच
गोळे होऊन आमच्याच रानात परत आला असेल.
नांगराला अजून हिरवं तांबं लागतं.

तेव्हा विरजणही मोडलं होतं.
मग एक जण चालत गेला दुसऱ्या मठात,
आणि दुधाच्या किटलीत, झग्याच्या आत,
अंगाच्या उबेवर सांभाळत चार दिवसांनी घेऊन आला.
आज बाटलीबाटलीत फसफसतं ते हेच उसनं.
परत कुणी मागितलेलं नाही.

काळी बिअर हे लोक पीत नाहीत.
दहा टक्क्यांची, करपायच्या बेताला आणलेल्या सातूची,
जिभेवर मनुका, घशात शेगडी,
ती विकायची. छपरासाठी, म्हाताऱ्यांच्या औषधांसाठी.
त्यांच्या ताटापाशी असते फिकी, पातळ,
उपासाच्या दिवसांत तेवढीच पोटाला भाकरी.

गेल्या हिवाळ्यात तापानं ब्रदरना तीन आठवडे पाडलं.
उठले, कामाला लागले.
पण टाकीचं झाकण उघडताना पूर्वी ते डोळे मिटत.
आता मिटत नव्हते.
एकदा हंडा तळाला लागला,
मी अंगणातून धावत आले,
तर ते तिथेच उभे, निवांत ढवळत.

मग मी एक वाईट गोष्ट केली.
मातीच्या पेल्यात, रंग दिसू नये म्हणून,
जेवणाची फिकी ओतली
आणि म्हटलं, काळी, सतरावी टाकी.
त्यांनी रीतसर नाकाशी धरली. घोट घेतला.
बराच वेळ छपराचं पाणी ठिबकत होतं.
'अजून मुरायची आहे,' म्हणाले, तोंडानं.
कोणाबद्दल, ते माझ्याकडे बघून म्हणाले असते
तर बरं झालं असतं. ते पेल्याकडेच बघत होते.

मी मठाधिपतींना काही सांगितलं नाही.
त्यांनीही मला काही विचारलं नाही.

आज सतराव्या टाकीपाशी त्यांनी बोट केलं,
आधी झाकणाकडे, मग माझ्या नाकाकडे.
अशी खूण त्यांच्या खुणांत नाही.
मी वाकले. ओली फळी, म्हटलं. अंजीर.
मग लाजत, कारण खरं तेच होतं :
बाबांचा रविवारचा कोट, पाऊस लागलेला.

टाकीवरच्या पाटीवर त्यांनी खडूनं लिहिलं,
तारीख, अंश, फळी, अंजीर,
आणि अक्षर थरथरत असतानाही
न गाळता : योरिंडच्या वडिलांचा कोट.