आठवा

एइलर्ट शून्यापासून मोजायचा.
फाइलीची विचारपूस केली की यंत्र
एका दमात तेरा आकडे ओकायचं,
आणि त्याला म्हणे सगळे तोंडपाठ:
सातवा आकार,
आठवा शेवटचं वाचन,
नववा शेवटचा बदल.

गुनवोर चुकायची.
एकदा नवव्याऐवजी दहावा धरून
वार्देच्या बंदरातली अख्ख्या फेब्रुवारीची भरती-ओहोटी
तिने पुसून टाकली होती.
तो रागावला नाही. टेपवरून नोंदी परत आणल्या,
सुक्या कॉडचा तुकडा तिच्यापुढे सरकवला,
म्हणाला, खा.

आता मोजावं लागत नाही.
स्क्रिप्टच्या माथ्यावर एक ओळ टाकली
की हाती येतं ते ऑब्जेक्ट, आणि त्याला नावं कळतात.
आकार म्हणा, आकार देतं.
मालक म्हणा—
१००४.
१००४ म्हणजे कोण, ते यंत्राला ठाऊक नाही.
खातं नोव्हेंबरात काढलं. तिनेच.

शुक्रवारी जुनी डिस्क जाणार.
बाहेर दुपारचे दोन, आणि मिट्ट काळोख;
बर्फ ओढणारी गाडी पिवळा दिवा फिरवत
धक्क्यावरून येते, जाते.
एका फाइलीपाशी ती थांबते.
आकार: दोनशे अडतीस बाइट.
परवानगी: मालकापुरती.
दुवे: एक. तेवढ्या एका नावाला लटकलेली.
बदल: एकोणीस वर्षांपूर्वी.
वाचन: गेल्या ऑक्टोबरात, पहाटे तीन चाळीस.

त्याच सकाळी त्याला हेलिकॉप्टरने नेलं होतं.

नुसतं विचारलं तर काही बिघडत नाही,
दाराबाहेरून तब्येत विचारावी तसं.
उघडली, की तीन चाळीस गेले,
तिथे आजची दुपार बसणार.

ती खुर्चीत मागे रेलते. कॉफी गार.
मग उघडते.

तेरा ओळी.
शून्य: डिस्क. एक: क्रमांक. दोन: परवानगी…
सातवा आकार.
आठवा,
आणि पुढे त्याच्या सवयीचं प्रश्नचिन्ह,
वाचन की बदल? (वाचन!)

एकोणीस वर्षं. तोंडपाठ म्हणे.
गुनवोर हसते, मग नाक पुसते बाहीला.

फाइलीवर आजची वेळ चढली आहे.
ऑब्जेक्टला त्याची खबर नाही;
ते आधीच घडलं होतं, विचारलं त्या क्षणी.
ती पुन्हा विचारते: शेवटचं वाचन?
तीन चाळीस, ते म्हणतं.

स्क्रिप्ट संपेपर्यंत म्हणेल.
ती शेवटच्या ओळीआधी
झोपेची एक ओळ घालायची राहिली म्हणून
स्वतःला शिव्या देते,
आणि खिडकीशी उभी राहून
दिवा परत फिरून यायची वाट बघते.