तीस सेकंद

शॉट संपला की मालखाझ हात वर करायचा
आणि आम्ही सगळे जिथल्या तिथे थिजायचो.
मेकअपवाली ब्रश हवेत धरून,
लाइटचा पोरगा अर्ध्या शिडीवर.
तीस सेकंद
मी त्या खोलीचं न बोलणं टेपवर घ्यायचो.
यात नवल काही नाही, सगळेच घेतात;
संवाद कापले की मधली भोकं त्याने बुजवतात.
बाकीचे दिग्दर्शक तेवढ्यात लायटर शोधतात.
हा डोळे मिटून उभा,
परक्या घरी पानावर बसलेल्या माणसासारखा.

लिएजला आला तेव्हा त्याच्याजवळ एक डिप्लोमा होता,
तो देणारा देश तोवर उरला नव्हता.
दोन वर्षं साबणाच्या जाहिराती केल्या,
एक गीझरची.
मग पहिला सिनेमा, चार माणसं आणि एक उसना कॅमेरा.

फ्रेंचमध्ये टेबल बाई असते
हे त्याला पटलं नाही.
त्याच्या भाषेत तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एकच शब्द.
नायिकेकडे बोट दाखवून म्हणायचा,
‘ह्याला सांगा रडू नको.
भांडी घासायला सांगा ह्याला.’
ती भांडी घासायची
आणि थिएटरात लोक रुमाल काढायचे.

त्याच्या भाषेत मामा म्हणजे बाप, देदा म्हणजे आई.
रविवारी चियातुराहून फोन यायचा.
तिकडे तेव्हा वीज नसायची,
पोस्टात तासभर रांग लावून ती विचारायची काय,
तर जेवलास का.

ती गेली तेव्हा आमचं शूटिंग ऑस्टेंडला.
त्याचे कागद कुठल्याशा खिडकीत अडकलेले.
दार लावून घेण्याच्या एका शॉटचे
त्याने त्या दिवशी अठरा टेक घेतले.
सतराव्याला नट म्हणाला, बिजागरी निखळेल.

पुढे कागद झाले. तरी गेला नाही.
सहाव्या सिनेमाआधी तिकीट माझ्या हातात ठेवलं:
‘तूच जा. मी गेलो तर आवाज होईल.’

चियातुरात खाणीवर
गंजलेले पाळणे तारेला लटकलेले.
चौथा मजला. किल्ली शेजारच्या एतेरीकडे.
तिने आधी पाव आणि चीज खायला घातलं,
मग मी खाणाखुणांनी सांगितलं
की मी इथलं काहीच-नाही न्यायला आलोय.
तिने मान डोलावली,
जणू रोज कुणीतरी त्यासाठीच येतं.
मायक्रोफोन ओट्याजवळ. ती स्टुलावर, हात मांडीत.
बंद फ्रीज, कुठेतरी नळाची नळी,
आणि तिचा श्वास, तो पुसायचं मला सुचलं नाही.
तीस सेकंद झाले, मिनिट झालं.
चार मिनिटांनी टेप संपली.

ती शांतता आम्ही नामुरच्या एका स्वयंपाकघराखाली घातली.
पडद्यावर एक बेल्जियन म्हातारा बटाटे सोलतो, बस.
पेपरात छापून आलं:
इतक्या वर्षांनी हा माणूस अखेर आपल्यातला झाला.
मालखाझने ते कात्रण दोनदा वाचलं,
चार घड्या घातल्या,
वाकून एडिटिंग टेबलाच्या पायाखाली सारलं.
‘कधीची डुगडुगत होती ही,’ म्हणाला.

मी काही बोललो नाही.
त्याने हात वर केला होता.