एक कमी

यंदा हॉलमध्ये जागा नाही.
खिडकीखाली, दरवर्षी जिथं झाड उभं राहायचं
तिथं आता पप्पांचा पलंग,
भाड्याचा, चाकांचा, डोक्याकडून उचलता येणारा.
म्हणून नाताळ स्वयंपाकघरात आणला.

पाच बाय आठ. ओटा, पिंप, मिक्सर,
तेलाचा डबा, त्यावर कालचा पेपर.
चांदणी टांगायची कुठं?
अनुग्रहा म्हणाली, एक्झॉस्टच्या भोकात.
पंखा मार्चपासून बंदच.
बसली की बरोब्बर!
मागून जेल रोडचा दिवा येतो, पिवळट,
आणि कागदाची पाच टोकं
शेकत बसल्यासारखी दिसतात.

दिंडोरीच्या मित्राकडून एलियानं
छाटणीच्या काड्या आणल्या होत्या बंबासाठी, गोणीभर.
द्राक्षाच्या. वाळून तांबूस झालेल्या.
त्यातल्या थोड्या रात्रभर बादलीत भिजवल्या,
वळवल्या, सुतळीनं बांधल्या.
वेडंवाकडं का होईना, कडं झालं.
भांड्यांच्या मांडणीला अडकवलं,
लाल काहीतरी हवं म्हणून
सुक्या मिरच्या खोचल्या. बेडगी. तिखट नसतात.

कापूस नको म्हटलं तरी पोरीनं लावलाच,
नेमका शेगडीच्या वर.
दुसऱ्या शिट्टीला बर्फाला वरणाचा वास.
हसू नका.
निफाडचा पारा रोज पेपरात येतो,
पहाटे फरशी पायाला चावते,
बर्फ काय तेवढा पडायचा राहिलाय.

माळ मोगलबाईंची, त्यांच्या दिवाळीची.
खोक्यावर छापलेलं: पन्नास दिवे.
"संक्रांतीला द्या परत, घाई नाही."
खिळ्याला, नळाला, डब्यांच्या फळीवरून
फ्रिजच्या डोक्यावर नेऊन सोडली.

पप्पा तेहेतीस वर्षं प्रेसमध्ये होते,
मोजणीला.
आता त्यांना माझं नाव येत नाही.
मी कधी सिस्टर असते, कधी शेवंता.
शेवंता कोण, कुणालाच ठाऊक नाही.
सासूबाईंचं नाव मार्था होतं.
पण अंगठा अजून फिरतो बोटांवरून,
चादरीच्या काठावरून, गोळ्यांच्या पाकिटावरून,
थुंकी लावल्यासारखा, भरभर.

तेवीस तारीख. पोरगी झोपलेली, एलिया रात्रपाळीला.
मी करंज्या तळत होते.
हॉलचा दिवा मालवून माळ लावली,
पलंगाचं डोकं जरा वर केलं,
दारातून त्यांना दिसावं म्हणून.
बराच वेळ नुसता तेलाचा आवाज.

मग पप्पा म्हणाले, "एक कमी आहे."

मला वाटलं, मार्थाबाई.
झारा तसाच हातात.
म्हटलं, "असू दे पप्पा."
"असू दे कसं?" कडक आवाज,
आमच्या लग्नाआधीचा असावा.
"गेट बंद करा. कुणी घरी जायचं नाही.
परत मोजा."

गॅस बंद केला.
पिठाच्या बोटांनी मोजत गेले,
नळ, खिळा, फळी,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.
पुन्हा मोजले. एकोणपन्नास.
पन्नासावा हिंगाच्या डबीमागे
मान मुरगळून पडलेला.
दाबला. लुकलुकला. दाबून धरला.
लागला.

"हं," पप्पा म्हणाले.
चादरीवर बोटानं काहीतरी गिरवलं,
शेवटी खाली एक रेघ ओढली.
"उघडा गेट."
आणि डोळे मिटले.

तेल पुन्हा तापायला वेळ लागला.
घाण्यातल्या तीन करंज्या मऊ पडल्या,
त्या मीच खाल्ल्या उभ्या उभ्या,
मिरच्यांच्या कड्याखाली.

मोगलबाईंना माळ परत देताना सांगायचंय,
पन्नास आहेत.
मोजलेत. सही झालीय.