वरच्या खोलीतला

किल्ली तीच होती.
दोहात ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये राहिली,
बुसानमध्ये सुट्या नाण्यांच्या वाटीत,
रॉटरडॅममध्ये सायकलच्या किल्लीसोबत एका कडीत,
तिथल्या ओल हवेत तिला जरा गंजही चढला.
सोमलवाड्यातल्या आमच्या घराच्या जिन्यावर
भर नवतप्यात, दुपारी दोनला,
मी ती घालून फिरवत होतो
आणि कुलूप नवीन होतं.

आई खालून म्हणाली,
"अरे दार वाजव न बाप्पा, तावी असन आत."

तावी मी फोनवर ऐकला होता.
मिहानमध्ये विमानांची इंजिनं उघडून पाहतो.
एस्टोनियाचा. आईच्या हिशेबाने तुह्याकडचाच.
माझ्या घरापासून त्याचं घर
नागपूरहून श्रीनगर असेल तेवढं लांब,
पण तिकडं म्हणजे तिकडं.

दार उघडलं.
उन्हानं सोललेलं नाक, गळ्यात ओला दुपट्टा.
"या, बसा. पाणी घ्या पहिले."
माठाचं पाणी, तांब्याखाली ताटली धरून,
एक थेंब फरशीवर नाही.
मग त्याने विचारलं, अगदी आपल्या सुरात:
"कुठून येऊन राह्यले?"

तीन शहरं जिभेवर आली. तिन्ही भाड्याची.
मी पाणी प्यायलो.

खरं तर माझा पहिला परदेश पुणे.
मेसच्या काकूंकडे वरणावर सांबार मागितला
तर त्यांनी इडली नाहीये म्हणून सांगितलं,
सगळं टेबल हसलं.
त्या रात्री मी कोथिंबीर म्हणायला शिकलो.
मग काहून सोडलं, बे सोडलं,
राहिलो, राहतोय, राहीन हे नीट म्हणू लागलो.
पुढे अरबी, कोरियन, डच
शिकायला काहीच जड गेलं नाही.
जीभ एकदा वळली की वळतच जाते.

आणि हा संध्याकाळी भाजीच्या ठेल्यावर उभा,
"ताई, दहाचा सांबार. काल पिवळा दिला तुम्ही."
ताईनं मूठभर जास्त टाकला.
माझ्याकडे बघून तिने विचारलं, "पाहुणे?"
"हो," तावी म्हणाला, "आमच्याकडचे."

माझा जगाचा नकाशा त्याने भिंतीवर तसाच ठेवलाय.
अठरा टाचण्या, सगळ्या मी टोचलेल्या,
जिथं जाईन म्हटलं होतं तिथं.
नागपूरला टाचणी नव्हती.
स्वतःच्या घरी कोण टाचणी टोचतं?
आता तिथे एक आहे, हिरवी,
डोकं थोडं तुटलेलं.

रात्री गच्चीवर दोन गाद्या.
सिमेंट अजून भाजतंय,
त्याने चार बादल्या पाणी मारलं होतं
तरी पाठीखालून वाफ येते.
वरून विमानं जातात, उंचावरून,
एकही आपल्यासाठी उतरत नाही.
तो झोपेतल्या आवाजात सांगतो,
हे बँकॉकचं असेल, हे दोहाचं,
आवाजावरून नाही, नुसत्या वेळेवरून.
मी त्यातल्या कुठल्या तरी एकात
खिडकीशी बसून खाली पाहिलं असणार.
काळ्यावर सांडलेले काही दिवे,
आणि एअर होस्टेसला सफरचंदाचा रस मागितला असणार.

त्याला विचारलं, घरची आठवण येते का.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "बर्फावर चालताना आवाज येतो न,
करकर करकर.
तो इथे फक्त एकदा ऐकला.
तुमची आई साखर सांडली तिच्यावर चालली तेव्हा."

मला हसू आलं. मग नाही आलं.

खालून आई ओरडली,
"पोरांनो, कूलरमधलं पाणी पाहून घेजा बरं!"
आम्ही दोघंही उठलो, एकदम.
अंधारात मी कोपऱ्यात हात घातला,
पाण्याची टाकी, तिच्या मागे,
जिथे अकरा वर्षांपूर्वी बादली असायची.
तिथे काही नव्हतं.
"इकडे ठेवतो आम्ही आता," तावी म्हणाला,
आणि कडी माझ्या हातात दिली.