एक की दोन

दिवसभर मी अंधाऱ्या खोलीत लोकांना विचारते,
एक की दोन? कुठलं स्पष्ट?
आणि आता? तीन की चार?
हॅलिफॅक्सची माणसं बिचकतात,
उत्तर चुकलं तर भलताच चष्मा गळ्यात पडेल म्हणून.
मी म्हणते, यात चुकण्यासारखं काही नसतं. सावकाश.

संध्याकाळी स्वयंपाकघरात
माझीच परीक्षा.
मार्च महिना, रेडिएटर खोकतोय,
टेबलावर तीन पत्रकं,
डॉरीनने पर्समधून काढून दिलेली, घड्या पडलेली.
ती म्हणाली, एका तरी संगीत महोत्सवाला जा यंदा,
नुसते चष्मे काय देत बसतेस.

पहिला सफकमध्ये, समुद्राजवळ.
सगळं सुबक. तंबू आधीच उभे, आत गाद्या,
आंबवलेल्या कोबीची सात रूपं,
सकाळी योग, शिकवणार कुणी टॅबिथा.
मला हसू आलं,
मग किंमत वाचली, मग नाही आलं.

दुसरा वेल्सच्या सीमेवर,
मेंढ्या हाकलून रिकाम्या केलेल्या कुरणात.
वाजवणारे चांगले, त्यातले दोघे माहीत आहेत मला.
पण स्टेशनपासून अकरा मैल
आणि बस फक्त मंगळवारी.
गाडी चालवणारा माणूस आता मँचेस्टरला राहतो,
नव्या घरात, आमच्या जुन्या तंबूसकट.
वाटणीत तंबू त्याला गेला.
मला मिक्सर आला.

त्याच्याबरोबर एकदा गेले होते एका मोठ्या महोत्सवाला.
लाखभर माणसं, गाणारी नखाएवढी.
शेवटी पडद्यावरच पाहिली सगळी.
दुसऱ्यांचे डोळे तपासणारी मी,
तीन दिवस लोकांच्या पाठी बघून आले.

तिसरं पत्रक म्हणजे झेरॉक्स,
तीही तिरकी आलेली.
हेक्समच्या पलीकडे कुठेतरी, कुणाच्या तरी शेतात.
ओळखीचं एकही नाव नाही.
खाली फोन नंबर, घरचा.

लावला.
आधी कुत्रं, मग किटलीची शिटी, मग विल्फ.
हो, मीच, म्हणाला.
तिकिटं मीच, कुंपण मीच, संडासांचंही मीच बघतो.
वाजवणारे कालपर्यंत अकरा होते,
एकीला बाळ होणार आहे, आता दहा.
कॉन्सर्टिनावाली एक आहे, जन्मभर पोस्टात होती.
तिने भाता ओढला की गायी कुंपणाशी येतात.
खरं सांगू का,
तिच्यासाठी नाही हो येत,
त्यांना वाटतं चारा आला.

मग जरा थांबला.
एकसष्ट खपलीत, म्हणाला.
एकशेवीस झाली तर होईल,
नाहीतर पैसे परत,
आणि प्रत्येकाला पत्र लिहीन.

पत्र.
म्हणजे कागद, पाकीट, जीभ लावून चिकटवलेलं तिकीट.
मी क्षणभर विचार केला,
न झालेल्या महोत्सवाचं पत्र घरी येणं
हेही काही वाईट नाही.

किती देऊ?
दोन, म्हणाले.
तोंडातून निघून गेलं.
नावं?
माझं सांगितलं. मृण्मयी.
अक्षरं तीनदा सांगावी लागली,
तो प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून लिहीत होता,
कुत्रं मध्ये मध्ये भुंकत होतं.
आणि दुसरं?
दुसरं नंतर कळवते.
बरं, म्हणाला, मग त्रेसष्ट,
आणि पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

डॉरीनला विचारलं तर म्हणेल, माझे गुडघे.
मग त्या जागेवर रेनकोट ठेवीन.
किंवा जूनपर्यंत सुचेल कुणीतरी,
नाही सुचलं तरी विल्फचा आकडा वाढला.

सकाळी डॉरीनने पत्रक लावलं,
रिसेप्शनवर नाही,
सरळ माझ्या खोलीत, तक्त्याखाली,
सगळ्यात बारीक ओळ संपते तिथे.
मी म्हटलं, इथे कुणाला दिसणार?
ती म्हणाली,
अजून सत्तावन्न हवेत.
खालची ओळ वाचणारे तरी
तेवढे असतीलच की.