चव्वेचाळीस अंश

आधी मी मारेगावच्या केंद्रावर होते.
तिथे पट्टीवर दोन रेघा आल्या
की बाई पदराआड तोंड करायची
आणि सासू माझ्या टेबलावर साखरेची पुडी ठेवून जायची.

इथे वणीत, मेथाडोनच्या खिडकीमागे,
दोन रेघा म्हणजे काही सापडलं नाही.
रेघ न उमटणं म्हणजे सापडलं.
हे उलटं वाचायला शिकण्यात माझा अख्खा हिवाळा गेला.
फक्त औषधाच्या रकान्यात रेघ नसली की बरं वाटतं:
माणूस घोट गिळतोय,
गालात धरून बाहेर विकत नाहीये.
म्हणून तर घोटानंतर आम्ही नाव विचारतो.
रोज. ज्याचं पाठ आहे त्यालाही.

"लीलाधर तुळशीराम पाचभाई."
हजेरी दिल्यासारखा पूर्ण सांगतो.
कोळशाचा डंपर चालवायचा, कंबर गेली,
कंबरेसाठी सुया आल्या, मग सुयांसाठी सगळं.
सात महिन्यांत एक दिवस चुकला नाही.
परवा चिठ्ठीत त्याचा नंबर निघाला.

डोमाजी आत सोबत जातो.
पाहत राहा, असा नियम आहे.
डोमाजी झरोक्यातल्या चिमणीकडे पाहतो.
मी त्याला कधी रागावले नाही.

कप आला. मी थर्मामीटर बुडवला.
चव्वेचाळीस.

नियम थंड नमुन्याबद्दल आहेत.
कुठल्यातरी गार शहरात लिहिलेले,
जिथे लपवलेली बाटली निवत जाते.
आमच्याकडे मे महिन्यात
गाडीच्या डिक्कीतली बाटली
माणसाच्या अंगाहून तापते.
चव्वेचाळीस अंशांचा माणूस
या खिडकीशी उभा राहून नाव सांगू शकत नाही.

"पाचभाई, हे कोणाचं?"

तो आधी कंबर चोळत राहिला.
"पोराचं हाये जी. चौथीत हाये थो.
म्या म्हतलं, बाबाच्या डाक्टरले पाह्यजे.
इचारलं नाई त्यानं काई. भरून देल्लं."

वहीत लिहिलं: नमुना अमान्य.
माठातलं पाणी दिलं, तीन गिलास.
तो बाकावर बसला.
या उन्हात पाणी खाली उतरतच नाही,
सदऱ्याच्या पाठीवर उमटतं.
दोन वाजले. अडीच.
पंखा होता, वीज नव्हती.

"साळ्याच्या लग्नात," तो भिंतीला म्हणाला,
"एकच डाव, जी. मंग मलेच भेव लागलं.
घोट बंद करता का काय तुमी."

बंद करायला तपासत नाही आम्ही.
डॉक्टर बोलतील, कदाचित घोट वाढवतील.
हे मी रोज सांगते.
त्याच भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंही आहे,
त्याच्या डोक्याच्या अगदी वर,
जिथे बाकावर बसलेल्याला कधीच दिसत नाही.

तीन वाजता झालं.
छत्तीस अंश. डोमाजीनं या वेळी चिमणी पाहिली नसावी.
औषधाच्या रकान्यात रेघ नव्हती, ते ठीक.
शेजारच्या रकान्यातही नव्हती.
कागद डॉक्टरांकडे पाठवला.

पोराचा कप तसाच होता.
ओतायला नेला आणि मोरीशी थांबले.
कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या वहीत रकाना नव्हता,
तरी साधी पट्टी बुडवली.
साखर नाही. प्रथिनं नाहीत.
रंग मात्र गडद, कालवलेल्या हळदीसारखा.

डॉक्टरांकडून तो बाहेर आला.
मान खाली, पण चाल मोकळी.

"पाचभाई, पोरगा ठणठणीत आहे.
पाणी कमी पितो. उन्हात हुंदडतो ना?
सोबत बाटली देत जा त्याच्या."

हातातल्या रिकाम्या बाटलीकडे
तो बराच वेळ पाहत राहिला.
मग म्हणाला,
"नवी घेतो, जी."