तेरा नंबरचा होस्ट

सोहार. रात्री अडीचलाही बाहेर छत्तीस अंश.
आत मी स्वेटर घालून
तेरा नंबरच्या होस्टवर डोळा ठेवतो.

त्याच्याकडे मेमरी दोनशे छप्पन जीबी,
शब्द दिलाय चारशेचा.
सगळे एकदम मागायला येत नाहीत,
एवढ्यावरच चाललंय.

आमच्या खोलीतही पलंग सहा, माणसं नऊ.
मी इथे जागा, तोवर परकार माझ्या उशीवर.
सकाळी ती गरमच मिळते.

आज मात्र पगारपत्रकं निघायची होती.
फुगा फुगला, तरी पुरेना,
होस्ट डिस्कवर उतरवू लागला एकेक पान,
जसा एखादा पाठांतरवाला
दर ओळीला वही उघडू लागावा.

शोधलं. कोपऱ्यात एक जुनं मशीन,
बंदराच्या गेटपासचं.
दोन वर्षांत कुणी फिरकलेलं नाही,
बत्तीस जीबी अडवून बसलेलं.
राखीवच्या रकान्यात शून्य टाकलं.
आलेख उतरला, तापासारखा,
घाम येऊन.

मग उगाचच आठवला
दाभोळच्या घरचा पाच आकडी नंबर.
फोन कधीच काढून टाकलाय,
घरही विकलं.
सहा-दोन-चार...
पुढचेही दोन आले, न अडखळता.

साडेपाच. परकारला मेसेज टाकला:
ऊठ, चादर झटक,
येतोय.